व्हर्च्युअलबॉक्स: सॉफ्टवेअर फुकट, पण बायोसची वारी चुकत नाही

ऑरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशीन) चालवणारं सॉफ्टवेअर. ते उतरवून बसवायला पाच-दहा मिनिटं पुरतात. खरी परीक्षा पहिलं मशीन स्टार्ट केल्यावर होते. 'व्हीटी-एक्स (आभासी मशीनसाठी प्रोसेसरने दिलेली सोय) बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद आहे' असं सांगणारी एरर आली की बरेच जण सॉफ्टवेअरलाच नावं ठेवतात, दोनदा काढून पुन्हा टाकतात. दोष त्याचा नसतो. २०१९ च्या ६.१ आवृत्तीपासून प्रोसेसरच्या मदतीशिवाय मशीन चालवण्याची जुनी सोय काढून टाकली आहे. त्यामुळे आता बायोसमधलं बटण चालू केल्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'व्हर्च्युअलायझेशन'समोर काय लिहिलंय ते बघा. डिसेबल्ड असेल तर बायोस गाठायचा: डेस्कटॉपवर बहुधा डिलीट किंवा एफ२, एचपीच्या लॅपटॉपवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१. की दाबायची वेळ साधत नसेल तर विंडोजच्या रिकव्हरी सेटिंगमधल्या अॅडव्हान्स्ड स्टार्टअपमधून यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज निवडा.

आत गेल्यावर नावांचा घोळ आहे. इंटेलच्या मशीनवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' किंवा 'व्हीटी-एक्स', एएमडीवर 'एसव्हीएम मोड'. एएमडीवाले 'व्हर्च्युअलायझेशन' शब्द शोधत बसतात आणि एसव्हीएम डोळ्यांसमोर असूनही सुटतं. हे सेटिंग बहुतेक वेळा सीपीयू कॉन्फिगरेशनमध्ये असतं, एमएसआयच्या बोर्डावर ओव्हरक्लॉकिंगच्या पानावर, तर थिंकपॅडमध्ये सिक्युरिटीखाली. शेजारचं व्हीटी-डी वेगळं. ते पीसीआय कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनला जोडण्यासाठी लागतं, इथे त्याची गरज नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि की त्याच लॅपटॉपमध्ये असेल तर बसा बोंबलत.

इथवर सोपं होतं. टास्क मॅनेजर 'एनेबल्ड' दाखवतो, मशीन सुरूही होतं, पण माउस खेचल्यासारखा सरकतो. मशीनच्या खिडकीखालच्या पट्टीत उजवीकडे बघा: चिपच्या चित्राऐवजी हिरवं कासव दिसत असेल तर विंडोजचा हायपर-व्ही (त्याची स्वतःची आभासी मशीनची यंत्रणा) आधीच प्रोसेसरवर ठाण मांडून बसलाय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. हे कासव म्हणजे या सॉफ्टवेअरचा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित इशारा. विंडोज फीचर्सच्या यादीतून हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरवायझर प्लॅटफॉर्म या तिन्हींच्या खुणा काढा. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटेग्रिटीही बंद करावी लागते, नाहीतर कासव हलत नाही. किंमत अशी की डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) बंद पडतं आणि त्यावर चालणारं डॉकर (अॅप्स वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) हेही. शिवाय मेमरी इंटेग्रिटी हे सुरक्षेचं कवच आहे. रोज डॉकर लागत असेल तर कासव सहन करा किंवा सरळ हायपर-व्हीच वापरा.

लिनक्सवर 'एलएससीपीयू' कमांड व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही दाखवते. कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१२ पासून केव्हीएम, म्हणजे लिनक्सची स्वतःची आभासी मशीनची यंत्रणा, तिचं मॉड्यूल लोड होताच प्रोसेसरची ही सोय स्वतःकडे घेतं, म्हणून जुनं व्हर्च्युअलबॉक्स अडखळतं. केव्हीएमचं मॉड्यूल काढलं की चालतं. सिक्युअर बूट (फक्त साइन केलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारं सेटिंग) चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सचं ड्रायव्हर मॉड्यूल साइन करावं लागतं.

एकदा गाडी रुळावर आली की तक्रारीला जागा कमी. ८ जीबी रॅमच्या मशीनवर गेस्टला (आतल्या आभासी मशीनला) ४ जीबीपेक्षा जास्त देऊ नका, कोअर निम्मे पुरे. गेस्ट अॅडिशन्स (आतल्या मशीनमध्ये टाकायचे ड्रायव्हर) टाकल्याशिवाय स्क्रीनचा आकार आणि क्लिपबोर्ड नीट जमत नाही. आभासी मशीनची डायनॅमिक डिस्क गरजेप्रमाणे फुगते, पण आतल्या फाइल्स उडवल्या तरी आपोआप आटत नाही. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) सोन्यासारखे, पण दहा-बारा साठले की डिस्क गिळतात.

शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी पाचपैकी चार. एक गुण ग्राफिक्सच्या संथपणाचा गेला. गेम खेळायचे बेत असतील तर इथे वेळ घालवू नका. आणि मूळ सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं असलं तरी एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींची वेगळी जोडणी) वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरता मोफत आहे. ऑफिसच्या मशीनवर तो सवयीने टाकू नका.