देवबागच्या समुद्रात कयाकिंग: एका हंगामाचा अनुभव

ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत जमेल तसं मालवणजवळच्या देवबाग-तारकर्लीला जाऊन गाईडसोबत कयाकिंग केलं, म्हणजे कयाक नावाची अरुंद, हलकी होडी वल्हवली. कोल्हापुरातून बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय. माझं मत ठाम आहे: नवख्याने आधी गाईड पारखावा, कयाक आणि किनारा नंतर बघावा.

आपल्याकडची मंडळी पंचगंगेत नाहीतर विहिरीत पोहायला शिकलेली. त्याचा उपयोग होतोच, पण समुद्रात उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढता आलं पाहिजे. आमच्या गाईडने पहिल्याच सकाळी कर्ली खाडीच्या उथळ पाण्यात आम्हाला मुद्दाम उलटवलं. "आदी पडाक शिका, मगे वल्ह्या मारा," हे त्याचं सांगणं. वल्हं आणि कयाक सोडायची नाही, पलीकडची कड धरून ती सुलटी करायची, पाय मारत पोटावर आडवं चढायचं आणि मग वळून बसायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत त्याने आम्हाला खाडीबाहेर काढलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र लाईफ जॅकेट अंगावर चढवलं आणि थेट ढकलून दिलं. बकलं घट्ट आहेत का, हेही कोणी तपासलं नाही. तिथे मी पुन्हा गेलो नाही.

वल्हवताना दंड भरून येतात, कारण सुरुवातीला सगळे हातानेच ओढतात. पाय टेकवून कमरेतून वळलं की तासभर आरामात जातो. वल्हं पायाच्या बोटांपाशी बुडवायचं, कमरेपाशी काढायचं. लाटेला कयाकचं नाक सरळ द्यायचं. आडवी सापडली की कयाक उलटते.

खरी शिकवण वाऱ्याची. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तेव्हा किनाऱ्याजवळ पाणी बहुधा शांत असतं. पण हाच वारा समुद्राकडे ढकलतो, त्यामुळे परतीचं बळ राखून ठेवावं लागतं. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा वाढतो, लाटा उठतात आणि नवख्याचं काम संपतं. म्हणून सकाळी कोल्हापुरातून निघून फोंडा घाटाने दुपारी पोचण्यात अर्थ नाही. आदल्या रात्री मुक्कामाला जा.

भरतीचा हिशेब गाईड तिथीवरून करतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला सव्वाअकराच्या. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला ओहोटी लागली की कर्लीच्या मुखाशी पाणी जोरात समुद्राकडे ओढतं. अशा एका सकाळी त्याने आमची फेरी सरळ रद्द केली, आगाऊ घेतलेले पैसेही परत दिले. तेव्हापासून मी दुसरीकडे चौकशीच करत नाही.

खटकणारी गोष्ट म्हणजे खाडीतल्या त्सुनामी आयलंड या वाळूच्या बेटाजवळची शनिवार-रविवारची गर्दी. जेट स्की आणि बनाना राईडच्या लाटांनी कयाक डचमळते, शिकणाऱ्याचं लक्ष उडतं. मधला वार मिळाला तर सोनं.

सोबत पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा शर्ट, चष्म्याला दोरी, भरपूर पाणी आणि बंद चप्पल-बूट हवेत. खडकांवरची कालवं पाय कापतात.

मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत पावसाळ्यामुळे सगळं बंद असतं. पाणी निवळलं की पुढच्या हंगामात भोगव्याहून निवतीच्या खडकांकडे जायचं ठरलंय, अर्थात गाईडने हो म्हटलं तर.