हँक विल्यम्सची चाळीस गाणी: दोन सीडींचा एक जुना संच

मागच्या पावसाळ्यात बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका जुन्या कॅसेट-सीडींच्या दुकानात मला हँक विल्यम्स या अमेरिकन कंट्री गायकाच्या '40 ग्रेटेस्ट हिट्स' या संग्रहाचा दोन सीडींचा संच 350 रुपयांना मिळाला. हा संग्रह मूळचा 1978 सालचा असून तेव्हा तो दोन लाँगप्ले तबकड्यांवर निघाला होता. संच हाती आल्यापासून वडगावातले शेजारचे माग रात्री थांबले की मी तो लावतो, आणि अमेरिकेतल्या कंट्री, म्हणजे ग्रामीण वळणाच्या, संगीताशी ज्यांची अजिबात ओळख नाही त्यांनी सुरुवात याच संचापासून करावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

या संचाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा आवाज. हँकच्या मृत्यूनंतर त्याच्या ध्वनिमुद्रणांवर व्हायोलिनचे ताफे चढवून आणि त्यांना कृत्रिम स्टिरिओचे रूप देऊन ती पुन्हा विकली गेली होती; इथे मात्र मूळ मोनो ध्वनिमुद्रणेच ऐकायला मिळतात. बहुतेक गाण्यांत ड्रम नाहीच. तारा दाबून धरलेल्या गिटारचा कोरडा ठोका आणि डबल बेस एवढ्यावर ताल चालतो, स्टील गिटार व फिडल गायकाच्या ओळी संपण्याची वाट पाहतात आणि मगच बोलतात. भजनाला बसलेला टाळकरी बुवांच्या तोंडाकडे बघत जसा टाळ आवरून धरतो, तसाच हा आवर आहे. 'लव्हसिक ब्लूज'मध्ये हँकचा आवाज एका शब्दाच्या पोटातच फुटून वरच्या पट्टीत जातो आणि तिथून अलगद खाली उतरतो. ती फूट चांगल्या हेडफोनवर ऐकली की अंगावर काटा येतो.

हा आवाज कुठून आला, हे कळले तर गाणी अधिक कळतात. हँकचा जन्म 17 सप्टेंबर 1923 रोजी अलाबामातल्या माउंट ऑलिव्ह या वस्तीत झाला. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असल्यामुळे दुखणे आयुष्यभर पाठीशी राहिले. आई लिली भाड्याने खोल्या देऊन संसार चालवीत असे. रस्त्यावर गिटार वाजवून पोट भरणारा रूफस पेन नावाचा कृष्णवर्णीय वादक, ज्याला लोक 'टी टॉट' म्हणत, हाच त्याचा खरा गुरू. गोऱ्या मुलाने काळ्या माणसाकडून विद्या घ्यावी, असे ते दिवस नव्हते. तरी ती घेतली गेली आणि हँकने ते ऋण पुढे उघडपणे मान्य केले. मला इथे आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची आठवण येते. देवासला क्षयाने अंथरुणाला खिळलेले असताना कानावर पडणाऱ्या माळव्याच्या लोकगीतांना त्यांनी गुरुस्थानी मानले. दोघांचे संगीत पूर्ण वेगळे आहे, पण आजारी शरीर आणि साध्या माणसांच्या तोंडून घेतलेले गाणे ही जोडी मला दोघांकडेही दिसते.

1946 साली, कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या फ्रेड रोझ या प्रकाशकाने हँकच्या गाण्यांचे प्रकाशन हाती घेतले. 11 जून 1949 रोजी 'ग्रँड ओल ओप्री' या नॅशव्हिलच्या रेडिओवरील कंट्री संगीताच्या कार्यक्रमात तो पहिल्यांदाच गायला, तेव्हा 'लव्हसिक ब्लूज'ला सहा वेळा 'वन्स मोअर' मिळाला. गंमत अशी की हे गाणे त्याचे स्वतःचे नाही; ते 1922 सालचे, आणि रोझचा तर ते ध्वनिमुद्रित करण्यालाच विरोध होता. स्वतः लिहिलेले 'कोल्ड, कोल्ड हार्ट' 1951 मध्ये टोनी बेनेट या पॉप गायकाने गायले आणि ते शहरी श्रोत्यांपर्यंत पोचले. मात्र दारू आणि वेदनाशामके यांनी घात केला. ऑगस्ट 1952 मध्ये ओप्रीने त्याला काढून टाकले, आणि 1 जानेवारी 1953 रोजी ओहायोतल्या कँटनच्या कार्यक्रमाला निघालेल्या कॅडिलॅकच्या मागच्या आसनावर तो मृतावस्थेत आढळला. वय अवघे 29.

इंग्रजी बेताचीच येत असताना ही गाणी ऐकावीत का, असे मला एका शेजाऱ्यांनी विचारले. ज्यांनी कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांची तत्त्वपदे कन्नड पुरते न उमगताही डोळ्यांत पाणी येईपर्यंत ऐकली आहेत, त्या सीमाभागातल्या माणसाला याचे उत्तर वेगळे द्यावे लागत नाही. शिवाय हँकचे शब्द खरोखरच सोपे आहेत. 'आय अॅम सो लोनसम आय कुड क्राय' या गाण्यात उडायचेही त्राण न उरलेला एक पक्षी, मध्यरात्रीची आगगाडी, निखळणारा तारा, एवढेच येते. दुःखाचे कारण तो शेवटपर्यंत सांगत नाही. टिळकवाडीच्या फाटकाकडून रात्रीच्या गाडीची शिटी आली की मला हे गाणे न लावताही ऐकू येते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. 'ल्यूक द ड्रिफ्टर' या टोपणनावाने त्याने केलेली उपदेशपर कथने या संचात नाहीत, त्यामुळे कीर्तनकाराच्या जवळ जाणारे त्याचे एक अंग सुटते. माझ्या प्रतीत माहितीपुस्तिका नव्हती आणि दुकानदाराने विकताना ते सांगितले नाही. घेताना पेटी उघडून पाहावी.

गाणी साधारण ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने लावलेली असल्यामुळे ती उलटसुलट करून ऐकू नयेत. दुसऱ्या सीडीच्या अखेरीकडे 23 सप्टेंबर 1952 च्या नॅशव्हिलमधल्या ध्वनिमुद्रणाच्या बैठकीतली तीन गाणी येतात: 'कॉ-लायगा', 'युअर चीटिन हार्ट' आणि 'टेक दीज चेन्स फ्रॉम माय हार्ट'. ही त्याची शेवटची बैठक. तिन्ही गाणी त्याच्या मृत्यूनंतर बाजारात आली आणि 1953 मध्ये कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. शंभर दिवसांनी संपणाऱ्या माणसाचा आवाज त्यांत कुठेही थकलेला नाही. 'युअर चीटिन हार्ट'मध्ये तर शब्द इतके सावकाश आणि स्वच्छ टाकले आहेत की मी ते ऐकताना दर वेळी आवाज थोडा वाढवतो.