नऊ महिने टॅप करून: स्लाऊ ते कॅनरी व्हार्फ

डोंबिवलीत असताना दर महिन्याला पास काढायचा, प्लास्टिकच्या कव्हरात ठेवायचा आणि विसरून जायचं, एवढंच मला माहीत होतं. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाऊला राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात म्हणूनच खिडकीवर जाऊन पासाची चौकशी केली. लंडनच्या पूर्व भागातल्या कॅनरी व्हार्फच्या ऑफिसला आठवड्यातून तीनच दिवस जायचं असल्याने पास काढणं परवडणार नव्हतं. वार्षिक पासाची किंमत ४० साप्ताहिक पासांएवढी असते, मासिकाची ३.८४ पासांएवढी. पाचही दिवस जाणाऱ्याला ठीक. २८ दिवसांत ८ दिवस वापरायचा फ्लेक्सी पासही पाहिला. माझे दिवस होतात बारा. एक पुरत नाही, दोन घेतले तर चार दिवस वाया.

मग तिकिटाऐवजी बँकेचं कार्ड टॅप करायला लागलो, म्हणजे आत जाताना आणि बाहेर पडताना यंत्राला टेकवायचं आणि भाडं आपोआप कापलं जातं. आमच्या बाजूला, रेडिंगपर्यंत, ही सोय २ जानेवारी २०२० पासून आहे. लंडनचं प्रवासाचं ऑयस्टर कार्ड मात्र वेस्ट ड्रेटन स्टेशनच्या पुढे, म्हणजे स्लाऊपर्यंत, चालत नाही. नवीन आलेल्यांची फसगत हमखास इथे होते.

फायदा सांगतो. ‘लंडन टर्मिनल्स’ असं छापलेलं केशरी तिकीट मला लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनपर्यंतच नेतं. पुढे कॅनरी व्हार्फचे पैसे वेगळे, नाहीतर मग ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे लंडनमधल्या गाड्या-बसनाही चालणारा पास, घ्या. टॅप केलं की एलिझाबेथ लाइन या रेल्वेचा स्लाऊ ते कॅनरी व्हार्फ सगळा प्रवास एकच धरला जातो. संध्याकाळी कुणाला भेटायला ट्यूबने (भुयारी रेल्वेने) किंवा बसने भटकलो, तरी दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा ओलांडली जात नाही. हा दिवस पहाटे साडेचारला संपतो, त्यामुळे रात्री उशिरा परतलं तरी हिशेब त्याच दिवसात. जास्त भाड्याची, गर्दीची वेळ मात्र सकाळी ६:३० ते ९:३० आणि संध्याकाळी ४ ते ७ अशी दोनदा आहे. मी आता ऑफिसातून सातनंतरच निघतो. काम वाढलंय असं बॉसला वाटतं, वाटू दे.

भाड्याला दिवसासारखीच आठवड्याचीही मर्यादा असते; तिचं गणित मला चौथ्या महिन्यात कळलं. एका रिलीजच्या वेळी गुरुवार ते पुढचा बुधवार, शनिवार-रविवार धरून, सलग सात दिवस ऑफिसात होतो. खुशीत होतो की आता मर्यादा लागणार. पण टॅपचा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो. माझे सात दिवस चार आणि तीन असे दोन आठवड्यांत तुटले. साप्ताहिक पास कुठल्याही वारी सुरू करता येतो. त्या वेळी मी तो काढायला हवा होता.

दुसरी चूक निव्वळ माझी. सकाळी फोन टॅप करून आत गेलो, बॅटरी संपली, बाहेर पडताना तेच कार्ड पाकिटातून काढून टेकवलं. कार्ड एकच असलं तरी यंत्राला फोन वेगळा आणि प्लास्टिक वेगळं. दोन अर्धवट प्रवास, दोन्हींना जास्तीत जास्त भाडं. ऑनलाइन खात्यात कार्ड आधी नोंदवलेलं होतं म्हणून तक्रार करून पैसे परत मिळाले. कार्ड नोंदवलंत तर गाडी लेट झाल्यावर भरपाई मागायलाही प्रवासाची नोंद हाताशी राहते.

शनिवार-रविवारी सगळे मिळून निघालो की मी टॅप करतच नाही. बँकेच्या कार्डाला रेलकार्ड (तिकिटावर सूट देणारं कार्ड) जोडता येत नाही आणि मुलीने ते टेकवलं तर तिलाही मोठ्यांचं भाडं लागतं. शिवाय एका कार्डावर एकच माणूस. नेटवर्क रेलकार्ड काढलंय, ते सोबतच्या मोठ्यांनाही चालतं: मोठ्यांना एकतृतीयांश सूट, मुलांना ६० टक्के. आई-बाबा आले होते तेव्हा ते दोघं, आम्ही दोघं आणि मुलगी, असं सगळं तिकीट त्या एका रेलकार्डावर निघालं. रोजच्या प्रवासाला मात्र ते कुचकामी. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आधी चालत नाही, नंतरही किमान १३ पाउंडांची अट आहे.

आता पाकिटात कार्ड एका कप्प्यात आणि रेलकार्ड दुसऱ्यात असतं. फोनचा टॅप मी बंदच करून टाकलाय. बाबांनी मात्र ती केशरी तिकिटं फाटकातून परत येतील तेवढी जपून ठेवली आणि डोंबिवलीला घेऊन गेले.