व्हीईएसच्या इन्व्हर्जनसाठी पीएसओ: काही महिने वापरल्यानंतर

दख्खनच्या बेसॉल्टवर घेतलेल्या व्हीईएसचं (जमिनीत वीज सोडून खोलीनुसार रोधकता, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायची चाचणी) इन्व्हर्जन, म्हणजे मोजमापांवरून खालचे थर शोधणं, गेले काही महिने मी पार्टिकल स्वॉर्मने, म्हणजे पीएसओने करतोय. आधी लीस्ट स्क्वेअर्स होतं, म्हणजे एका मॉडेलपासून सुरू करून चुकांच्या वर्गांची बेरीज कमी करत जाणं. त्याला सुरुवातीचं मॉडेल आपण द्यायचं, आणि ते फारच चुकीचं असलं की गणित भलतीकडे अडकायचं. पीएसओला फक्त प्रत्येक अज्ञाताच्या किमान-कमाल मर्यादा लागतात. केनेडी आणि एबरहार्ट यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत तशी साधी आहे: प्रत्येक कण म्हणजे जमिनीचं एक संभाव्य मॉडेल, आणि तो स्वतःच्या व थव्याच्या आतापर्यंतच्या सर्वोत्तम जागेकडे ओढला जातो.

तीन थरांना अज्ञात पाचच: तीन रोधकता, दोन जाड्या. लॅपटॉपवर चहा येईपर्यंत उरकतं. पायस्वार्म्स (पीएसओची पायथन लायब्ररी) अख्खा थवा एकाच मॅट्रिक्समध्ये देतं, त्यामुळे नमपायमध्ये (पायथनची गणिताची लायब्ररी) कोड सुटसुटीत होतो. जडत्व (कणाचा आधीचा वेग किती टिकतो ते) ०.७३ आणि दोन्ही ओढींचे गुणांक १.५ च्या आसपास ठेवा. शोध लॉगरिदममध्येच घ्या, कारण रोधकतेचा पल्ला मोठा असतो. ओल्या काळ्या मातीची रोधकता १० ओहम-मीटरच्या आत असू शकते, पक्क्या पाषाणाची शेकड्यांत जाते.

आता खरी गोम. माती आणि पाषाण यांच्यामधला मुरूम पातळ आणि कमी रोधकतेचा असेल, तर व्हीईएसच्या वक्राला (मोजलेल्या रोधकतेच्या आलेखाला) फक्त जाडी भागिले रोधकता एवढंच कळतं. १० मीटर जाडीचा २० ओहम-मीटरचा थर आणि ५ मीटरचा १० ओहम-मीटरचा थर, वक्र जवळपास तोच. म्हणून सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) बदललं की पीएसओ वेगळं उत्तर देतं, चूक (मोजमाप आणि मॉडेल यांतला फरक) मात्र तेवढीच. काहींना हा दोष वाटतो. मला तर हाच सगळ्यात मोठा उपयोग वाटतो, कारण लीस्ट स्क्वेअर्स एक आकडा देऊन मोकळं होतं आणि बोअर घेणारा त्यावर पैसे लावतो.

पण शेवटचा थवा म्हणजे अनिश्चितता असं समजू नका. तोवर सगळे कण एकाच जागी गोळा झालेले असतात. वाटेत जी मॉडेलं ठरावीक चुकीच्या आत आली ती साठवा, तीही वेगवेगळ्या सीडची. तरी ती संभाव्यता नव्हेच. त्यासाठी एमसीएमसी (मॉडेलं त्यांच्या संभाव्यतेच्या प्रमाणात निवडणारी पद्धत) आहे.

द्विमितीय इमेजिंगला, म्हणजे जमिनीचा उभा छेद काढायला, हे वापरू नका. शेकडो ब्लॉक आणि प्रत्येक मॉडेलचं महागडं गणित, थवा दमतो. आणि शेजारी विहीर असेल तर आधी तिच्या कडेला मुरमाची जाडी मोजून या. ती मर्यादा घातली की उत्तरांचा पसारा जेवढा आवळतो, तेवढा कण दुप्पट करूनही आवळत नाही.