डिटेक्टर उत्तम, पण बॅटरीचा बार खोटारडा

यंत्र दुरुस्तीहून परत आलं. सोबतच्या कागदावर एकच ओळ: 'तपासले. दोष आढळला नाही. फक्त अल्कलाइन सेल वापरावेत.' माझी तक्रार होती की मेटल डिटेक्टर रिकाम्या जमिनीवरही चिवचिवतो. उत्तर आलं सेलबद्दल! म्हणून हे लिहायला बसलो.

माहितीपत्रकातलं पुन्हा लिहीत नाही, ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं, डबल-डी कॉइलचं (जमिनीवर झुलवायच्या चकतीत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी), चार डबल-ए सेलवरचं हे यंत्र. अंगभूत बॅटरीचं मॉडेल मुद्दाम टाळलं, कारण ती बॅटरी म्हातारी झाली की अख्खं यंत्र अडतं. सुटे सेल कुठेही मिळतात आणि रिचार्जेबल घेतले की वर्षानुवर्षं पुरतात, हा माझा हिशेब.

इथेच घोडं पेंड खातं. अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टचा, रिचार्जेबल 1.2 चा. म्हणजे चार मिळून 6 विरुद्ध 4.8. पडद्यावरचा बार आखलाय 6 च्या हिशेबाने. रात्रभर चार्ज केलेले सेल घाला, थोड्याच वेळात बार अर्ध्यावर. मग तासन्‌तास तिथेच ठाण मांडून बसतो, आणि शेवटी 'बॅटरी संपत आली'चा सूर वाजतो न वाजतो तोच यंत्र मान टाकतं. अल्कलाइनचा विजेचा दाब (व्होल्टेज) हळूहळू उतरतो, त्यामुळे बारला अंदाज येतो. रिचार्जेबलचा जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग कोसळतो. हा काही गूढ प्रकार नाही. हातात धरायच्या जीपीएस यंत्रांत सेलचा प्रकार निवडायची सोय कधीपासून आहे. मेन्यूत एक ओळ वाढवायची, बस. पण नाही. आम्ही मात्र अर्ध्या बारकडे बघत, खिशात जादा सेल खुळखुळवत फिरायचं.

बाकी यंत्राबद्दल चांगलंच बोलावं लागेल. तोल छान, हात भरून येत नाही. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीवर ठणठणीत ऐकू येते. डबल-डी कॉइलचं क्षेत्र पात्यासारखं अरुंद असल्यामुळे शेजारशेजारचे दोन सिग्नल वेगळे कळतात, खिळ्यांनी भरलेल्या जागी हे फार कामाचं. समुद्राच्या ओल्या वाळूत मात्र नेऊ नका. खारं पाणी वीज वाहून नेतं आणि एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र बावचळतं. हा दोष या मॉडेलचा नाही, जातीचाच.

खाली कोणता धातू आहे याचा अंदाज देणाऱ्या पडद्यावरच्या आकड्यांबद्दल माझं मत मात्र पार बदललं. सुरुवातीला लोखंड, फॉइल, कॅनच्या कड्या, सगळं गाळून, म्हणजे त्या आकड्यांचे आवाज बंद करून फिरायचो. काय ती शांतता! पण बारीक सोनं आणि ॲल्युमिनियमचा कचरा साधारण एकाच पट्ट्यात येतात. एक गाळलं की दुसरंही गेलं. आता फक्त लोखंड गाळतो, तेही अर्धवट, कारण खिळ्याला खेटून पडलेलं नाणं त्याच्यासोबत गडप होतं. परिणाम: कड्यांनी पिशवी भरते. एकदाच एक कानातलं निघालं, आणि त्याचा आकडा हुबेहूब कडीचा होता.

आता चिवचिवाटाचं. 1881 मध्ये अलेक्झांडर ग्राहम बेल यांनी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असंच यंत्र लावलं, आणि पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी घोळ घातला असं सांगतात. खोटा सिग्नल बहुतेकदा असा अंगाशीच असतो. परत आलेलं यंत्र पहिल्याच फेरीत पुन्हा चिवचिवलं, तेव्हा कॉइलखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं. आत काळ्या वाळूचा थर. चुंबक धरलं, टपाटप चिकटली! कॉइल झुलवताना ती आत सरकत होती, आणि हलणाऱ्या लोखंडावर बोलणं हे तर यंत्राचं कामच. कव्हर धुतलं, वाळवलं, बसवलं. चिवचिवाट गायब. दुरुस्ती केंद्राने कव्हर उघडलंसुद्धा नव्हतं, वाळू जशीच्या तशी. सेल मात्र बारकाईने पाहिले!

तेव्हा हे यंत्र असेल तर प्रत्येक फेरीनंतर कव्हर काढून धुवा, दुरुस्तीला पाठवायच्या आधी तर नक्कीच. शोधायला जाताना जमीनमालकाला विचारा आणि संरक्षित पुरातन जागांपासून लांब राहा, हे वेगळं सांगायला नको.

अल्कलाइन मी घेणार नाही. वापरून फेकायच्या सेलवर पैसे घालवायचे, तेही एका बारची समजूत काढायला? सध्या चार्ज केल्याची वेळ चिकटपट्टीवर लिहून दांड्याला लावतो, ती बारपेक्षा खरं सांगते. पाचपैकी चार गुण. मेन्यूत ती एक ओळ आली की पाचवाही देईन.