कुत्र्याचा पाय एक नंबर, पण माणसाच्या हातात घोळ आहे

दोन महिने वापरून मग लिहितेय. सेटमध्ये माणसाचा अर्ध्या मापाचा सांगाडा आणि कुत्र्याचे दोन पाय आहेत, एक पुढचा एक मागचा, सगळं प्लास्टिक. मी प्राण्यांची चित्रं काढते आणि पाय नेमका कुठे वाकतो तिथेच दरवेळी चुकायचं, म्हणून घेतला.

मागचा पाय तर अप्रतिम. इतकी वर्षं मी समजत होते की कुत्र्याचा गुडघा उलटा असतो. हातात धरून वरून एकेक हाड चाचपत आले, खुबा, मांडीचं हाड, मग गुडघा, त्याला चक्क वाटी आहे आणि तो आपल्यासारखाच पुढच्या बाजूला आहे, आणि त्याच्या खाली मागे टोक काढून जो सांधा दिसतो तो घोटा, ते टोक म्हणजे टाच! म्हणजे कुत्रा सतत टाच उचलून बोटांवर चालतो. मी आरशाला बाजू करून उभी राहून टाचा उचलल्या, गुडघे थोडे वाकवले, सेम तोच आकार. घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते पण खरं तर मनगट असतं.

माणसाचा खुबा आणि खांदा पण छान केलेत. दोन्ही उखळीचेच सांधे, पण खुब्याची उखळ खोल आहे आणि खांद्याची अगदी उथळ, बशीसारखी, म्हणून हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच खांदा पटकन निखळतो, हे बोट घालून बघितलं की लगेच कळतं. वाकवताना करकर आवाज येतो पण प्लास्टिकवर प्लास्टिक घासणारच, खऱ्या सांध्यात हाडांच्या टोकांना गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये वंगणासारखा द्रव.

आता तक्रार. कोपराखालची दोन हाडं दोन्ही टोकांना स्क्रूने आवळून टाकलीत!! स्वतःचं कोपर टेबलावर टेकवा, तळवा वर करा, मग पालथा करा. करंगळीकडचं हाड जवळपास जागेवरच राहतं आणि अंगठ्याकडचं त्याच्यावरून तिरकं जातं, कुलपात किल्ली फिरवणं, पेचकस फिरवणं सगळं त्याच्यामुळे. घोड्यात ही दोन हाडं जुळून एक झालेली असतात म्हणून त्याला पाय असा फिरवता येत नाही, आणि या मॉडेलमध्ये माणसाचा हात घोड्यासारखा करून ठेवलाय. शिकणाऱ्याला हेच खरं वाटेल ना. मी मनगटाकडचा स्क्रू काढून तिथे रबरबँड गुंडाळलं, आता बऱ्यापैकी फिरतं.

कुत्र्याच्या खांद्याचं पातं दांड्यावर बसवलंय, ते चालेल, पण प्रत्यक्षात ते छातीच्या पिंजऱ्याला हाडाने जोडलेलंच नसतं, नुसत्या स्नायूंवर तोललेलं असतं, पत्रकात तेवढी एक ओळ तरी हवी होती.

पाचपैकी चार स्टार, एक त्या स्क्रूसाठी कापला. घेणार असाल तर हात फिरतो का ते आधी विचारा.