दोन भागांतलं थ्रीडी प्रिंट शिरस्त्राण: शिवजयंतीपासून गणपतीपर्यंत वापरल्यावर

रेटिंग आधीच देते. प्रिंटला साडेतीन, सोबत आलेल्या ग्लूला शून्य. घेतलं तेव्हा सरळ चार स्टार देणार होते, मे महिन्यात जोड उघडला तेव्हा एकच द्यावासा वाटला, आणि दुरुस्तीनंतर परत मत थोडं सुधारलंय. साइज, वजन, किंमत सगळं लिस्टिंगवर आहे, ते परत लिहीत नाही. मला फक्त जोडाबद्दल बोलायचंय कारण या वस्तूत तेच सगळं आहे.

आमच्या मंडळाच्या ऐतिहासिक नाटकातल्या सरदारासाठी घेतलं. आमच्याकडे १९ फेब्रुवारीची आणि तिथीची, म्हणजे फाल्गुन वद्य तृतीयेची, दोन्ही शिवजयंती होतात, दोन्हीला प्रयोग असतो आणि मध्ये तालमी, त्यामुळे वापर भरपूर. नक्षी छान आहे, नाकावरची पट्टी मजबूत आहे, खाली जाळी अडकवायला भोकं दिलीयत तीही नीट. पण तुकडे डावा आणि उजवा असे आहेत, म्हणजे जोड कपाळापासून टाळूवरून थेट मानेपर्यंत जातो आणि स्टेजवर लाइट पडतो तो नेमका त्याच रेषेवर.

किटमध्ये झटपट चिकटणाऱ्या ग्लूची छोटी ट्यूब येते आणि कागदावर लिहिलंय की कडेला लावा, दाबून धरा, वरून एनसी पुट्टी (गाडीच्या रंगकामात वापरतात ती तयार पातळ पुट्टी), मग रंग. तसंच केलं. फेब्रुवारीत इतकं सुंदर दिसत होतं की लोक हात लावून बघत होते. तिथीच्या प्रयोगापर्यंत मात्र टाळूवर एक बारीक खोलगट रेघ दिसायला लागली, आणि मेमध्ये मानेकडचं टोक टकदिशी सुटलं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की तुम्ही जास्त घासलं असेल. मी हाताने, पाण्यात वॉटर पेपर बुडवून घासलं होतं, मशीन लावलंच नव्हतं कारण पीएलए, म्हणजे ज्या प्लास्टिकचं हे प्रिंट आहे ते, साधारण ६० अंशाला मऊ पडायला लागतं आणि मशीनच्या घर्षणाने ते चिकट होऊन गोळे धरतं. हे सांगितल्यावर म्हणे नवीन ट्यूब पाठवतो, कुरिअरचे पैसे तुमचे. ज्या ग्लूने जोड सुटला तोच ग्लू परत माझ्या पैशाने. राग आला, आजही आहे. इतक्या पैशाच्या वस्तूला लागणारं साधं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा ग्लू) किटमध्ये द्यायला यांना काय महाग पडतं?

मग आमच्या गल्लीतल्या गॅरेजमधल्या पेंटर काकांकडे घेऊन गेले. त्यांनी शिरस्त्राण दोन्ही हातांत धरून कडा जरा बाहेर ओढल्या आणि म्हणाले, "ताई, हे असं डोक्यातून काढता ना, तेव्हा उघडतंय." खरंय. नट घाईत काढतो तेव्हा खालच्या कडा फाकतात आणि सगळा ताण मानेकडच्या टोकावर येतो. झटपट ग्लू सरळ ओढीला दम धरतो पण असं सोलून काढल्यासारखा ताण आला किंवा वस्तू आपटली की तडकतो, कारण वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो. आणि ती खोलगट रेघ पुट्टीमुळे. एनसी पुट्टी थिनर उडून वाळते, जाड थर दिला की वरून सुकल्यासारखी वाटते आणि आत महिनोन्महिने आकसत राहते. ती सुईच्या टोकाएवढी भोकं बुजवायला आहे, फट भरायला नाही.

आता काय केलं ते नीट लिहिते, कुणाचे तरी पैसे वाचतील. जुना ग्लू खरवडून काढला, कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरबरीत केल्या, सावकाश सेट होणारं अराल्डाइट (हे इपॉक्सीच) लावलं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गच्च बांधून रात्रभर ठेवलं. पाच मिनिटांवालं घेऊ नका, दोन्ही भाग जुळवेपर्यंत ते हातातच घट्ट होतं. मग सगळ्यात महत्त्वाचं, आतल्या बाजूने जोडावर विणलेल्या फायबर कापडाची दोन बोटं रुंद पट्टी इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून बसवली, मानेकडे दुहेरी. दुकानदार फायबरची मॅट देतो, ती इथे नको. मॅटचे तंतू धरून ठेवणारा बाईंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नीट विरघळत नाही, मग मॅट ताठच राहते आणि गोलाईवर बसत नाही. ताकद या आतल्या पट्टीतून येते, बाहेरून कितीही थापा.

बाहेरून जोडाला पातळ व्ही आकाराची खाच केली आणि हार्डनरवाली पॉलिएस्टर पुट्टी भरली, ही रासायनिक क्रियेने कडक होते म्हणून फार आकसत नाही. हार्डनर अंदाजे २ टक्केच, जास्त घातला तर काम करायच्या आधीच गोठते. १२० मग २२० ने घासलं, मास्क लावून. नंतर प्रायमर आणि त्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा. परत घासल्यावर जिथे काळं राहतं तिथे खड्डा आहे, हे काकांनी शिकवलं. चांदी रंगाखाली खड्डा लपत नाही, त्यामुळे इथे वेळ गेला तरी घालवा. शेवटी ४०० पाण्यातून. वरून क्लिअर लॅकर मारायचा असेल तर आधी तुकड्यावर बघा, आरशासारख्या चांदीची चमक त्याने जाते, आम्हाला जुनं पोलाद दिसायला हवं होतं म्हणून चाललं.

गणपतीत प्रयोग झाले, एकदा लाकडी स्टेजवर पडलंसुद्धा, जोडाला काही नाही. म्हणून साडेतीन. प्रिंट खरंच चांगलंय, पण दुरुस्तीचं सामान मला त्या किटच्या किमतीवर आणखी पडलं, ते मी अर्ध्या स्टारात वजा केलंय आणि तेही कमीच. उन्हात बंद गाडीत ठेवू नका, वाकडं झालं तर कुठलाच जोड वाचवणार नाही.

घेणार असाल तर विक्रेत्याला आधी विचारा की सोबत इपॉक्सी देता का आणि जोडाच्या आतून पट्टी बसवायला सपाट जागा आहे का. माझ्या तुकड्यात आत उठावदार कंपनीचं नाव अगदी जोडाला चिकटून छापलं होतं, ते तासून काढण्यात माझा अख्खा रविवार गेला.